फोटो नाही

“भार्गवीला शनिवारच्या कार्यक्रमात दोनच मिनिटं बोलू द्या ना, ताई. लोकांचे डोळे भरून आले की खिसे उघडतात,” पियूष म्हणाला.

“ती आपली जाहिरात आहे का रे?” स्नेहलता उसळली.

शॅननच्या कम्युनिटी सेंटरमध्ये ‘सोबत’ची बैठक चालली होती. आयर्लंडमधल्या एखाद्या मराठी घरावर आजारपण किंवा मरण कोसळलं की धावून जाणारी ही छोटी संस्था. कारखान्यातली नोकरी सांभाळून स्नेहलता ती चालवत होती. मागच्या हिवाळ्यात भार्गवीचा नवरा किलकेनीच्या हॉस्पिटलात अचानक गेला, तेव्हा त्याचा देह पुण्याला पोचवेपर्यंत सगळं ‘सोबत’नंच निभावलं. आता पुढच्या घरासाठी संस्थेपाशी काही उरलं नव्हतं.

“दिवाळीच्या ऑर्केस्ट्राला स्पॉन्सर रांग लावतात. आणि याला कुणी नाही!”

“तिथे बॅनरवर नाव झळकतं, ताई. इथे काय दाखवणार आपण? दुसरा मार्ग असेल तर सांगा.”

दुसरा मार्ग तिच्याकडे नव्हता. अध्यक्षपद सोडते म्हटलं की सगळे खाली बघायचे. “भार्गवीला कुणी विचारायचं नाही,” असं बजावून ती शिफ्टला गेली.

शनिवारी सँडीफोर्डच्या एका हॉटेलात देणगीदार जमले. स्नेहलताच्या भाषणात लोक एकमेकांशी घरांच्या किमतींबद्दल बोलत होते. ती खाली उतरते न उतरते तोच पियूषनं माइक घेतला आणि भार्गवीचं नाव पुकारलं. पडद्यावर तिच्या नवऱ्याचा फोटो आला.

“माझे मिस्टर गेले तेव्हा…” भार्गवी एवढंच बोलली. पुढे शब्द फुटेना. कुणीतरी मोबाइल उंच धरून शूटिंग करू लागलं. तिनं हात जोडले आणि ती खाली उतरली. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

स्नेहलतानं तिला दाराबाहेर गाठलं. “कशाला गेलीस गं वर?”

“पियूष म्हणाला, तुमचीच इच्छा आहे. तुम्ही एवढं केलंत माझ्यासाठी, नाही कसं म्हणू?”

“मी नको म्हटलं होतं.”

भार्गवीचा चेहरा उतरला.

तेवढ्यात पियूष धावत आला. “ताई, ग्रँड झालं! सगळ्यात मोठे देणगीदार आहेत ना, ते वर्षभराचा खर्च बघतो म्हणतायत. फक्त भार्गवीबरोबर एक फोटो हवाय त्यांना.”

“फोटो नाही.”

“अहो, मग ते देणार नाहीत!”

“नाही तर नाही.”

“आणि उद्या कुणाचा फोन आला तर? काय सांगणार तुम्ही?”

राग पियूषवर जास्त की स्वतःवर, तिलाच कळेना. तिनं भार्गवीचा कोट आणला, तिच्या खांद्यावर घातला आणि दोघी लुआस ट्रामच्या थांब्याकडे चालू लागल्या.

ट्राम आली. भार्गवी खिडकीशी बसली आणि आता मात्र तिला हुंदका आवरेना. डब्यात बसायला पुष्कळ जागा होती. तरी स्नेहलता तिच्यासमोर दांडी धरून उभीच राहिली, पाठ लोकांकडे करून, उतरायचं ठिकाण येईपर्यंत.