सांधा

तिने खुळखुळा टेबलाच्या उंचीवर धरला आणि सोडला. फरशीवर आपटून तो दोनदा उडाला आणि भिंतीशी जाऊन थांबला. तिने तो उचलला, बोटांनी चाचपला, पुन्हा सोडला. चौथ्या खेपेला त्याच्या दोन वाट्या उघडल्या आणि आतले मणी खोलीभर पसरले.

पलीकडच्या खोलीत सासऱ्यांचा लाकूड कातायचा लेथ थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

ती गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागली. शेवटचा कपाटाखालून काठीने ओढून काढावा लागला. टेबलावर सरकारी माहितीपत्रक उघडं पडलं होतं. येत्या पहिल्या तारखेपासून तपासणीच्या शिक्क्याशिवाय लहान मुलांचं एकही खेळणं विकता येणार नव्हतं. प्रयोगशाळेत ते आपटणार, ओढणार, पिळणार, रंग खरवडून पाहणार. फी अशी होती की एकदा नापास झाल्यावर पुन्हा पाठवायची सोय नव्हती, म्हणून तिने आधी घरीच आपटून पाहायचं ठरवलं होतं. पत्रकात एका आखूड नळीचं चित्र होतं. ती तान्ह्या मुलाच्या घशाच्या मापाची. सुटलेला तुकडा तीत मावला तर खेळणं नापास. तिने तेवढीच नळी पुठ्ठ्याची केली होती. तिने एक मणी वरून सोडला. तो कडेलाही न लागता आरपार गेला.

संध्याकाळपर्यंत तिने नवे सहा आपटले. त्यांतले तीन उघडले. मग काचेच्या कपाटातले चार-पाच वर्षांपूर्वीचे जुने काढले आणि जरा जास्तच उंचावरून टाकले. त्यांचा टवकाही उडाला नाही.

नवरा दुकानांत माल टाकून आला तेव्हा ती फुटलेल्या वाट्या ओळीने मांडून बसली होती.

“खुळखुळेच बनवतो आपण,” तो चप्पल काढत म्हणाला. “विमानं नाही.”

ती हसली नाही. तिने एक वाटी त्याच्या हातात दिली. वाटीच्या काठाची खाच एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ होती. उरलेली फट सरसाने भरून वरून रंग चढवला होता. बाहेरून सांधा दिसतही नव्हता. त्याने खाचेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. कातकामात वडिलांचा हात धरणारा कोणी नाही, हे ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता.

“कधीपासून?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“काय माहीत. आपण कशावर तारीख टाकतो?”

“जुने पाठव.”

“आणि पुढे?”

“पुढचं पुढे बघू. एकदा शिक्का हातात येऊ दे, मग मी बसतो लेथवर. बाबांना आत्ता काय सांगू? तुमचे हात गेले?”

लेथ बंदच होता. तो कधी बंद झाला ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तिने जुने सहा खुळखुळे मऊ कागदात गुंडाळले. अर्जात ‘उत्पादनाचा महिना’ असा रकाना होता. तिने चालू महिना लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं.

तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. नवऱ्याने ते चौकटीत बसवून दाराजवळ लावलं. तोवर गल्लीतल्या बाहुल्यावाल्या बाईने दुकान आवरलं होतं. तिच्या बाहुल्यांचे डोळे म्हणजे शिवलेली बटणं, आणि प्रत्येक कापडाची, प्रत्येक रंगाची तपासणी वेगळी. आता ती उशांचे अभ्रे शिवत होती. जाता जाता दारात उभं राहून तिने प्रमाणपत्र वाचलं.

“तुमचं बरं झालं बाई,” ती म्हणाली. “तुमच्या कामात खोट नाही.”

एका मोठ्या दुकानदाराने दोनशे खुळखुळ्यांची मागणी नोंदवली. दुसरीकडे कुठे मिळतच नाहीत म्हणे. नवरा दिवसभर माल पोचवण्यात आणि नवी दुकानं गाठण्यात अडकला. लेथवर बसायचं राहूनच गेलं. सासरे सकाळी लवकर बसायचे ते अंधार पडेपर्यंत. जेवताना त्यांचा घास ताटापासून तोंडापर्यंत नीट पोचेना, तेव्हा तिने त्यांना भाताबरोबर चमचा द्यायला सुरुवात केली. त्यांनी तो घेतला. खोकी भरत होती, दोऱ्या आवळल्या जात होत्या. ती रोज एक-दोन खुळखुळे हातात घेऊन वाट्या पिळून बघायची. न उघडलेले खोक्यात टाकायची आणि उघडलेले कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून पिशवीत.

रविवारी नणंद आली. तिची आठ महिन्यांची मुलगी नुकतीच बसायला लागली होती. सतरंजीवर बसवल्याबरोबर तिने कडेच्या खोक्यात हात घातला, एक लाल खुळखुळा ओढून काढला आणि थेट तोंडात घातला.

लेथ थांबला. सासरे हातही न पुसता बाहेर आले. ते वाकले आणि नातीच्या मुठीतून खुळखुळा सोडवू लागले. तिने घट्ट धरला होता. त्यांना एकेक बोट उलगडावं लागलं. मुलीने भोकाड पसरलं.

“अहो बाबा, खेळू द्या की तिला,” नणंद हसून म्हणाली. “दोनशे तर आहेत.”

ते काचेच्या कपाटाकडे गेले. तिथे एकच जुना उरला होता, रंग विटलेला. तो त्यांनी नातीला दिला.

“हा घे.”

“आणि हा नको? का?” नणंदेने विचारलं.

नवरा चौकटीतल्या कागदाकडे पाहत उभा होता. सून खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. सासऱ्यांनी लाल खुळखुळा दोन्ही तळव्यांत धरला, जणू तो गार पडला होता.

“सांधा धरत नाही,” ते म्हणाले. “कधी धरतो. कधी नाही.”

खोलीत फक्त जुन्या खुळखुळ्याचा आवाज येत होता. नणंदेचं हसू ओठांवरच राहिलं होतं. तिने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. मग तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं.

“मागच्या वेळी मी एक नेला होता.”

“कुठे आहे?” सुनेने विचारलं.

“आमच्याकडे दोन होते, म्हणून समोरच्या घरातल्या वहिनींना दिला. त्यांचा मुलगा सात महिन्यांचा आहे.”

“फोन लाव,” सासरे म्हणाले.

नणंदेने फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो टेबलावर ठेवला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. सासरे टेबलाची कड धरून उभे होते आणि ती कड हलत होती.

“बोला ना,” पलीकडून समोरच्या बाईंचा आवाज आला. “बाळ आत्ताच झोपलंय. दिवसभर नुसती किरकिर चालली होती.”

“वहिनी, तो खुळखुळा मी दिलेला... तो जरा बाजूला ठेवाल का? नीट आहे ना तो?”

“चांगला आहे की. हातातून सोडत नाही.” बाई जरा थांबल्या. “पण कालपासून वाजत नाही तो.”

मग सून पुढे झाली आणि फोनवर वाकली.

“मणी सापडले का त्याचे?”

“मणी?” बाई म्हणाल्या. “कुठले मणी?”