फाटकावरचा पहारेकरी

अर्धांगाच्या झटक्यातून ताई उठली, पण बोलायची थांबली. सुरुवातीला शब्द जड आणि वेडेवाकडे आले, शेजारणीने दोनदा “काय म्हणालात?” विचारलं, आणि ताईने ओठ मिटले ते मिटलेच. उच्चार शिकवायला येणाऱ्या बाई धाकट्या भावाला बजावून गेल्या, “त्यांना बोलता येतंय. पण आत्ता बोलल्या नाहीत, तर पुढे जीभ ऐकायची नाही. बोलतं करा त्यांना.”

बोलतं करा! आणि हे सांगितलं कुणाला, तर जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या, चार माणसांत घशाला कोरड पडणाऱ्या म्हाताऱ्याला. ताई लहानपणापासून त्याला पुस्तक्या म्हणायची. आता तेही म्हणत नव्हती. दोघं समोरासमोर बसायची आणि चहा निवून जायचा.

शेवटी त्याने भाचीचा जुना संगणक सुरू केला. ताईची ही लेक नोकरीसाठी परगावी होती. तिच्या शाळेच्या वयातला एक खेळ त्यात होता. पडद्यावर एक भटका खलाशी. दिसेल त्या वस्तूवर माऊसने टिचकी मारायची, कामाची असेल ती पिशवीत टाकायची. माणूस भेटला की खाली चार वाक्यं येत, त्यातलं एक निवडून त्याच्याशी बोलायचं. पुस्तक्या ती परकी वाक्यं मराठीत करून मोठ्याने वाची. ताई शेजारी, शाल लपेटून, खिडकीकडे बघत.

किल्ल्याच्या फाटकाशी घोडं अडलं. पहारेकरी आत सोडेना.

“साहेब, कृपा करून आत जाऊ द्याल का?” पुस्तक्याने पहिलं वाक्य निवडलं.

“नाही.”

त्याने दोरी दाखवली, बाटली देऊ केली, पिशवीतलं बदकसुद्धा पुढे केलं. नाही म्हणजे नाही. “तसदीबद्दल क्षमा असावी” हे दुसरं वाक्यही वाया गेलं. तिसरं त्याहून नरम. चौथं वाचतानाच त्याचे कान तापले: “बाजूला हो, भोपळ्या!” छे, हे कसं म्हणायचं? तो पुन्हा पहिल्यावर गेला. दुसऱ्या दिवशी तेच आर्जव. त्याच्या पुढच्या दिवशीही.

“भोप... भोपळ्या म्हण ना!”

आवाज घोगरा, शब्दांच्या कडा झिजलेल्या, पण ताईचाच.

“किती दिवस... पाया पडणारेस त्याच्या?”

“अगं, पण ड्युटीवरच्या माणसाला एकदम असं...”

“चित्र आहे ते, पुस्तक्या!”

त्याने भीतभीत टिचकी मारली. पहारेकरी पोट धरून हसला. “किती वर्षांनी कुणी माझ्याशी मोकळं बोललं!” म्हणाला, आणि फाटक करकरत उघडलं.

ताईही हसली, एका बाजूने. “आता डावीकडे. विहिरीत बघ.”

“कशात?”

“वि-ही-रीत! कान गेले का तुझे?”

शिव्या खाताना इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. चष्मा पुसून त्याने खलाशाला वळवलं, पण विहिरीकडे नाही, मागे फाटकाकडे.

“आता कुठे?”

“त्याचे आभार मानायचे राहिले.” पण खाली आलेल्या चार वाक्यांत आभाराचं एकही नव्हतं. “सोयच नाही गं.”

“मग तोंडाने मान की.”

पुस्तक्या घुटमळला. मग खुर्चीतून उठला, पडद्यासमोर हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, “फार उपकार झाले तुमचे.” आणखीही काही म्हणणार होता.

“पुरे,” ताई म्हणाली. “विहीर.”