बापाच्या हातची वेणी

सकाळी शाळेची वेळ झाली की घरोघरी एकच गोंधळ असतो. डबा सापडत नाही, एक मोजा हरवलेला असतो आणि लेकरू वेणीसाठी डोकं धरू देत नाही. आसगावच्या जीवनच्या घरातही हेच चालायचं, फक्त तिथे वेणीच्या वेळी दाराला आतून कडी लागायची. कडी लावणारा स्वतः जीवन. पहिलीतल्या श्रावस्तीला पुढ्यात बसवून तो तिच्या दोन वेण्या घालायचा, लाल रिबिनी बांधायचा आणि मगच कडी काढायचा. कोणी विचारलं तर शेजारच्या वच्छलाबाईंनी घातल्या म्हणून सांगायचा. पोरीलाही त्याने तेच पढवून ठेवलं होतं.

यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. जीवनची बायको दीपमाला नर्स. दोन वर्षांपूर्वी ती मस्कतच्या दवाखान्यात नोकरीला गेली. नवरा-बायकोने मिळून ठरवलेली गोष्ट होती ती. पण गावाने आपला निकाल देऊन टाकला, की बाई लेकरू टाकून गेली आणि नवरा घरी चूल फुंकत बसला. जीवन धानाची शेती बघायचा, म्हाताऱ्या बापाचं आणि पोरीचं सगळं करायचा, पण चारचौघांत मात्र हे सगळं दुसरंच कोणी करतं असं दाखवायचा. वेण्यांचं खरं त्याने दीपमालालाही सांगितलं नव्हतं. माणूस एकदा लाजायला लागला की घरच्यांपासूनही लपतो.

अशात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. श्रावस्ती रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावण्याच्या, नाचात होती. मागच्या वर्षी बालवाडीच्या कार्यक्रमात जीवनने बायकोला दाखवायला फोन धरला होता, पण पार मागून. मस्कतमध्ये दीपमालाला नुसती लोकांची डोकी दिसली. "दिसलं सगळं," असं म्हणून तिने डोळे पुसले आणि फोन ठेवला. यंदा तिने मैत्रिणीच्या हातापाया पडून ड्यूटी बदलून घेतली होती. नवऱ्याला तिने एकच गोष्ट मागितली. "समोर बसा. मले तिचं तोंड दिसलं पायजे." जीवनने कबूल केलं. पोरीलाही सांगितलं, की मी समोर फोन धरून बसेन, तिथेच तुझी आई बसली आहे असं समज.

आता अडचण अशी, की शाळेत स्टेजसमोर अंथरलेल्या दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बायका बसतात. पुरुष मागे, खुर्च्यांवर नाहीतर कडुनिंबाखाली उभे. तसा काही नियम नाही, पण दरीवर बसलेला पुरुष आजवर कोणी पाहिलेला नव्हता. जीवन फोन घेऊन पुढे निघाला आणि कडुनिंबापाशीच गावातल्या भुपेंद्रने त्याला हटकलं.

"काय गा जीवन, बायायच्या दरीवर चाल्ला का? साडी नाई आणली वाटते?"

लोक हसले. जीवनही हसला आणि तिथेच थांबला.

खिशात फोन वाजला, दीपमालाचा. त्याने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तेवढ्यात स्टेजचा पडदा जरासा हलला आणि श्रावस्तीचं तोंड बाहेर आलं. दरीवरचा एकेक चेहरा तिने बघून घेतला. बाप दिसेना, फोन दिसेना. तिचं तोंड एवढंसं झालं आणि पडद्याआड गेलं.

खुर्चीवर बसलेल्या परसरामने, जीवनच्या बापाने, हे पाहिलं. म्हातारा उठून पोराजवळ आला.

"फोन काहून कापून राहिला?"

"बाबा, लोकं हासतेत."

"मी चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाले होतो, तवा तू श्रावस्तीएवढाच होता," परसराम हळू आवाजात म्हणाला. "क्वार्टरात रायलो, सुटीत घरी आलो. तुहा एक कार्यक्रम नाई पायला. मले कोणी म्हटलं का, पोरगं टाकून गेला म्हणून? कमावता म्हणत होते. मागं तुही माय घर पाहे, तिले कोणी हासलं का? दीपमाला तेच करून राहिली, जे म्या केलं. तू ते करून राहिला, जे तुह्या मायनं केलं. लोकायचं सोड. तुले बायकोची लाज वाटते का, तेवढं सांग."

जीवनने खिशातून फोन काढला. तो चालू लागला. मागे कोणी काय बोललं ते त्याने ऐकलं नाही. दरीवर बायका सरकल्या, एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या, वच्छलाबाईंनी त्याला जागा करून दिली. त्याने फोन लावला, तेवढ्यात स्टेजचा पडदा उघडला.

मुली वाकून रोवणी करू लागल्या. बापाला समोर पाहून श्रावस्ती अशी खुलली, की दुप्पट वाकायला लागली. वाकता वाकता तिची एक रिबिन सुटली, केस डोळ्यांवर आले. शाळेच्या बाईंनी बाजूने खुणावलं, नाच म्हणून. पण ती थेट स्टेजच्या कडेला आली, बापाकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "बाबा, वेणी सुटली."

सगळी शाळा बघत होती. जीवनने एकदा मागे कडुनिंबाकडे पाहिलं. मग त्याने फोन वच्छलाबाईंच्या हाती दिला, उभा राहिला आणि रोजच्यासारखी वेणी घातली. तीन पेड, घट्ट, टोकाला रिबिनीचं फूल. ते सराईत हात पाहून सगळ्यांना सगळं कळलं. दरीवरचं हसणं थांबलं. श्रावस्ती उठून पुन्हा ओळीत गेली.

जीवनने फोन हातात घेतला तेव्हा पलीकडे दीपमाला रडत होती.

"कवापासून घालता वेणी?"

"तू गेली तवापासून."

"मंग मले काहून नाई सांगितलं? इथं रोज जीव लागून राहते माहा, की पोरीचं कोण करत असल!"

"चुकलं माहं," जीवन म्हणाला, आणि बायकांनी भरलेल्या त्या दरीवर तोही रडला.

मित्रहो, अशी एक दरी आपल्याही गावात असते, आपल्या मनातही असते. परगावी जाऊन कमावणाऱ्या बापाला आपण कर्ता म्हणतो आणि त्याच वाटेने जाणाऱ्या आईला निर्दय ठरवतो. लेकरू वाढवणं हे आईबापाचं काम आहे. त्यातलं कोणी कुठलं उचलायचं हे त्यांचं त्यांनी ठरवावं. घरी राहून वेणी घालणारा बाप त्याने लहान होत नाही. लहान होतो आपण, त्याला हसणारे.

जीवन आता अंगणात बसून वेणी घालतो. समोरून भुपेंद्र जातो, मान डोलावतो. त्या दाराला कडी आता फक्त रात्री लागते.