कॅमेरा बंद करायचा नाही

आमच्या चौघांचा एकच नियम होता: कॅमेरा सुरू केला की बंद करायचा नाही. खरं हसू दोन शॉट्सच्या मध्ये सापडतं, असं आमचं ठाम मत. शेवटच्या वर्षी अभ्यासाला टांग मारून आम्ही सिनेमा काढला. कॉलेज सुटू नये म्हणून मुद्दाम नापास होणाऱ्या मित्रांची कॉमेडी. दिग्दर्शनावरून दोघं भांडायचे, एडिटिंग माझ्याकडे, आणि नायक मुंगळा. एवढा काटकुळा, पण एका जागी बसेल तर शपथ.

एकदा लायब्ररीत लाइट लावेपर्यंत तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "माझे दोन विषय उडालेत रे. बाबांना सांगायची हिंमतच होत नाही." मला वाटलं, नेहमीसारखी फेकतोय. नाटकं बास, म्हणून मी त्याला उठवलं.

आठवड्याने एडिटिंगला बसलो तेव्हा पडद्यावर त्याची हनुवटी थरथरताना दिसली. तेव्हा कळलं. खोटं कशाला बोलू, लख्ख कळलं. तरी मी तो तुकडा उचलला आणि त्याला लागून स्टुलावरून धाडकन पडणारा एक दिग्दर्शक जोडला. एकटाच खो खो हसलो. मुंगळ्याला विचारायला हवं होतं. तो नको म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. एवढा नालायक मी.

सिनेमा कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला. मुंगळ्याचे वडील शिंपी. दुकान बंद करून, गळ्यातली टेप काढायचंही विसरून आले होते. सुरुवातीपासून पोट धरून हसत होते बिचारे. तो तुकडा आला, हॉल हसून नुसता कोसळला आणि ते एकटे हसायचे थांबले. मान वळवून लेकाकडे बघत राहिले.

सिनेमा संपल्यावर ते तडक माझ्याकडे आले.

"तू लहानपणापासून घरी येतोस. तू सांग. ते नाटकच होतं ना?"

त्यांच्या मागे मुंगळा उभा होता, पांढराफटक.

"नाटकच, काका. लिहिलेलं होतं सगळं."

त्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, पदवी समारंभासाठी त्याला कोट शिवतोय, कापड आणून ठेवलंय. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

ते पुढे गेल्यावर मुंगळ्याने मला जिन्यात गाठलं. चांगली कानाखाली मारेल, असं वाटलं. खरं तर मारावीच, असं वाटत होतं.

"वाचवलंस," तो म्हणाला. मग माझा हात धरून म्हणाला, "आणि तो सीन घातलास, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुला बिचाऱ्याला वाटलं असणार, मी अभिनयच करतोय."

"हो रे," मी म्हटलं.