उस्तादांचा चमचा

कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या आचाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. त्यांच्या बायकोने चार महिने घरच्या जेवणात चिमटीपेक्षा जास्त मीठ पडू दिलं नव्हतं. उस्तादांचं हृदय थकलं होतं, पाय सुजायचे. मीठ कमी करा, डॉक्टरांनी बजावलं होतं. मग काय, बाईंनी कंबर कसली. नवऱ्याच्या जोडीने स्वतःही अळणी गिळायला लागल्या. अहो, एवढं करून आज सकाळी रक्तदाब पुन्हा वरच! पायावर बोट दाबलं तर हा खळगा.

"घरात नाही, तर मीठ येतंय कुठून?" डॉक्टर कडाडले. "असंच चाललं तर पुढच्या महिन्याची खात्री मी देत नाही."

"तुझी शपथ, कॅन्टीनमध्ये मी घासभरही खात नाही," उस्ताद बायकोला म्हणाले आणि तडक कामावर गेले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटी शपथ, तीही माझी? अकरा वाजता त्या कॅन्टीनच्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आज रंगेहाथ पकडायचंच.

आत आठ पातेली रटरटत होती. उस्तादांनी झाकण उचललं, चमचा बुडवला, फुंकर मारली, गिळलं. थोडं मीठ टाकलं. पुन्हा चमचा. मग दुसरं पातेलं. बाई मोजत होत्या. विसाव्या चमच्याला त्या तडक आत शिरल्या.

"अहो! हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? चाखतोय."

"माझी शपथ घेतली होतीत!"

"मग? खाल्लं कुठे? चाखणं म्हणजे काय खाणं झालं?"

भाजी चिरणाऱ्या मावशींनीही मान डोलावली. माणूस खोटं बोलत नव्हता हो! तीस वर्षांत चाखलेलं पोटात जातं हे त्या स्वयंपाकघरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी हात पुढे केला.

"द्या तो चमचा इकडे."

"आणि चारशे माणसांना न चाखता वाढू? अगं, माझी जीभ म्हणजे माझी अब्रू आहे."

"जीभ राहील हो. तुम्ही राहणार नाही!"

उस्तादांचा चेहरा उतरला. धापा टाकत ते स्टुलावर बसले आणि चमचा त्यांनी मुकाट्याने पुढे केला. बाईंनी चाखलं. चार महिने अळणी खाल्लेल्या त्यांच्या जिभेला सगळंच खारट! उरलेली पाच पातेली बाईंच्याच चवीने उतरली.

बारा वाजता माणसं जेवायला बसली. वाढायच्या खिडकीशी उस्ताद जीव मुठीत धरून उभे. पहिल्याच टेबलावरून फोरमन ओरडला, "काय उस्ताद, जिभेला सुट्टी दिली का आज? मिठाचा पत्ताच नाही!"

सगळे खो खो हसले. एरवी असं बोलणाऱ्याची उस्तादांनी पळी घेऊन पाठ धरली असती. आज ते खिडकीची चौकट घट्ट धरून उभे राहिले.

"मी चाखलं नाही, बाबांनो," ते म्हणाले. "मला अजून जगायचंय."

हसणं तिथंच थांबलं. चार महिन्यांत बाईंनी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि पातेल्यांआड उभ्या राहून त्या ढसाढसा रडल्या.