मुखपृष्ठाच्या सासूबाई

मी एक जुनी चौकट आहे. दाराची नाही, खिडकीची नाही, तसबिरीचीही नाही. मी म्हणजे जाड पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा आणि त्यावर लाल-निळ्या शाईने आखलेल्या रेघा. एका संगीताच्या मासिकाचे मुखपृष्ठ कसे दिसावे, हे एकवीस वर्षे मी ठरवले. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गहिवरतात. मित्रांनो, मला मात्र माझी कहाणी सांगताना शिसारी येते.

माझा जन्म झाला तेव्हा मासिक मरायला टेकले होते. आमचे मालक एके दिवशी बाजारातून वेगवेगळ्या मासिकांचे चाळीस अंक घेऊन आले आणि त्यांनी ते कचेरीच्या फरशीवर मांडले. "जे खपतं ते कसं दिसतं, ते शोधून काढा," ते मास्तरांना म्हणाले. मास्तर म्हणजे मुखपृष्ठ करणारा माणूस. कचेरीतल्या प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी पट्टी कशी धरावी हे शिकवले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. तीन दिवस मास्तर गुडघ्यांवर रांगत, पट्टी लावत, मोजत होते. चौथ्या दिवशी त्यांनी हे प्लास्टिक कापले, आणि मी झाले.

माझ्यावर काय आखले होते ते सांगते. वरच्या पाव भागात मासिकाचे नाव, कारण दुकानातल्या फळीवर अंकाचे डोकेच तेवढे दिसते. मधे एक लांबट गोल, त्यात चेहरा. चेहरा एकच. त्या गोलात दोन ठिपके, त्या ठिपक्यांवर डोळे आले पाहिजेत आणि त्यांनी गिऱ्हाइकाकडे पाहिले पाहिजे. डाव्या कडेला मथळ्यांच्या ओळी, कारण दुकानदार अंकावर अंक चढवून ठेवतो आणि डावी कडच उघडी राहते. खाली कोपऱ्यात पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड. उजव्या खांद्याशी एक पिवळा गोल, त्यात मोठ्या अक्षरांत काहीतरी आमिष. झाले मुखपृष्ठ! संगीताचा यात कुठे संबंध आला, असे तुम्ही विचाराल. मीही पहिली दोन वर्षे विचारत होते.

अंक खपू लागला. माझे कौतुक सुरू झाले. कुठलाही फोटो आला की मास्तर मला त्यावर ठेवत आणि मी त्यात खोट काढत असे. कपाळ मोठे आहे, मान तिरकी आहे, डोळे ठिपक्यांच्या खाली गेले आहेत. म्हणून कचेरीने माझे नाव सासूबाई ठेवले. "फोटो चांगला आहे हो, पण सासूबाईंना दाखवला का?" असे म्हणून सगळे हसत. मलाही तेव्हा ते नाव आवडायचे. आपल्याला कोणीतरी घाबरते आहे, हे कळले की भल्याभल्यांचे डोके फिरते, मी तर प्लास्टिक.

मास्तर मला पुसायचे कसे, तेही ऐका. बोटाला थुंकी लावायची आणि डोळ्यांच्या ठिपक्यांवरून चोळायची. मग बाहीने कोरडे करायचे. त्यावर चहाचे डाग, गोंदाचे ओघळ, दुपारच्या जेवणाचे तेलकट बोट. अशा अंगाने मी मोठमोठ्या कलावंतांच्या तोंडावर पडत असे. घाण वाटायची. पण खरी घाण ती नव्हती.

वाजवणारा माणूस वाद्याकडे पाहतो किंवा डोळे मिटतो. पण मिटलेले डोळे माझ्या ठिपक्यांना चालत नसत. म्हणून वाजवतानाचे फोटो केराच्या टोपलीत जायचे. बासरी माझ्या गोलाबाहेर जाई, म्हणून बासरीवाल्याची बासरी कापली. नुसता फुगलेला गाल उरला, मग रंग लावून तोही सपाट केला. व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्याला व्हायोलिन छत्रीसारखे काखेत धरायला लावले. ढोल वाजवणाऱ्या गंभीर माणसाला काठी दातांत धरून हसायला सांगितले, आणि बिचारा हसला. इतक्या वर्षांत आमच्या मुखपृष्ठावर एकही माणूस काही वाजवत नव्हता. मालक मात्र खूश. गाढवाला गुळाची चव काय!

अशातच त्या दोघी बहिणी आल्या. म्हणजे आली धाकटी. तिच्याजवळ पाकिटात फोटो होता.

दोघी एकत्र गायच्या. थोरलीचा आवाज मोठा, खुला. धाकटी तिच्या मागून दुसरा सूर धरायची. जाहिरातींत नाव थोरलीचे, फोटो थोरलीचा, हार थोरलीला. धाकटीने कधी तक्रार केली नव्हती. पण या वेळी थोरलीने मालकांना फोनवर बजावले होते, मुखपृष्ठावर दोघी असतील तरच मुलाखत देईन. मालक म्हणाले होते, हो हो, दोघीच. तेव्हा धाकटी मोठ्या हौसेने आली होती. साडी नवी होती, फोटोसाठीच घेतलेली, पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती.

फोटोत थोरली पुढे होती. तिच्या डाव्या बाजूला किंचित मागे धाकटी, आणि धाकटीचा उजवा हात थोरलीच्या खांद्यावर.

"हा असाच ठेवा हं," धाकटी मास्तरांना म्हणाली. "ताईला डाव्या कानानं काही ऐकू येत नाही. लहानपणीच्या तापात गेलं. मी खांद्यावर बोटांनी ठेका देते, मग ती सूर धरते. लोकांना वाटतं, काय बहिणीचं प्रेम आहे!"

"प्रेम नाही का मग?" मास्तरांनी थट्टेने विचारले.

"आहे की. पण ते घरी. गाताना ठेका."

मास्तर खळखळून हसले. त्यांनी तिला चहा पाजला. तो हात त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहिला आणि म्हणाले, "हे कोणालाच माहीत नाही की हो!" मी त्याच टेबलावर पडले होते.

ती गेल्यावर मास्तरांनी मला फोटोवर ठेवले. थोरलीचा चेहरा माझ्या गोलात असा बसला की मोजून घेतल्यासारखा. डोळे बरोब्बर ठिपक्यांवर. धाकटी मात्र माझ्या उजव्या रेघेच्या बाहेर. फोटो लहान करून दोघींना आत घेतले, तर दोन्ही चेहरे लिंबाएवढे झाले आणि डोळे कुठल्याच ठिपक्यावर येईनात. मास्तर बराच वेळ मला सरकवत होते. तेवढ्यात मालक आले.

"त्या दोघींना कबूल केलंय," मास्तर म्हणाले.

"सासूबाई काय म्हणतात?"

"एकच चेहरा बसतो म्हणतात."

"मग संपलं. दोघींचा एक छोटा फोटो आत टाका."

मास्तरांनी पोलादी पट्टी धरली आणि कटर ओढले. माझ्या रेघेला लागून, केसभरही इकडेतिकडे न होऊ देता. धाकटी मनगटापर्यंत फोटोतून निघाली. मनगटापुढचा हात थोरलीच्या खांद्यावरच राहिला.

अंगावर काटा येईल असे ते दृश्य होते. बाईच्या खांद्यावर नुसता पंजा, मागे माणूस नाही. मालकांनी पाहिले आणि विचारले, "हे काय भूत?" मग दोघेही हसले. शिसारी म्हणजे काय, ते मला त्या हसण्याने कळले. मास्तरांनी पिवळ्या कागदाचा गोल माझ्या मापाने कापला आणि माझ्या खुणेवर, म्हणजे बरोबर त्या हातावर, चिकटवला. आता गोलात काय लिहायचे? त्या महिन्यात आत एक पाठ होता. मास्तरांनी अक्षरे लावली: "घरबसल्या ताल शिका!"

ताल देणाऱ्या हातावरच. दोघांपैकी एकालाही काही खटकले नाही.

अंक निघाला त्या दिवशी धाकटी पुन्हा आली. हातात कापडी पिशवी होती. मावशीला एक, दोघी आत्यांना एकेक, शाळेतल्या बाईंना एक, अशी यादी ती दारातूनच बोलत आली. दाराशी बसणाऱ्या कचेरीतल्या मुलीने अंक पुढे केला. धाकटीने तो पाहिला, उलटा केला, मागचे पान पाहिले, पुन्हा पुढचे पाहिले. बहुधा तिला वाटले असावे की मुखपृष्ठे दोन प्रकारची असतील. मग ती मास्तरांच्या टेबलापाशी आली.

"मी कुठं आहे?" तिने विचारले.

मास्तरांनी लगेच मला उचलून पुढे केले. "अहो बाई, हा नियम आहे. जगभर असंच असतं. ही बघा चौकट. यात दुसरा चेहरा बसतच नाही. माझ्या हातात काही नाही."

मी त्यांच्या हातात होते. त्यांच्याच हातची होते. मला आखताना त्यांनी आणखी एक गोल आखला असता तर मी का नको म्हटले असते? पण माणसे आधी रेघ मारतात आणि मग तिच्याच पाया पडतात.

धाकटीचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. ती टेबलावर पाहत होती. तिथे गोंदाचा डबा होता आणि डब्याखाली फोटोचा कापलेला तुकडा. कागदावर डबा ठेवला म्हणजे टेबल खराब होत नाही, ही मास्तरांची जुनी सवय. तुकड्याच्या उघड्या भागावर ते आठवडाभर ब्रश पुसत होते. नव्या साडीवर गोंदाचे पिवळे शेंबडासारखे थर चढले होते.

"तो डबा उचलता का जरा?" ती म्हणाली.

मास्तरांनी डबा उचलला. तुकडाही डब्याबरोबर वर आला. त्यांनी घाईने तो ओढला, तेव्हा कागद निघाला आणि चेहरा डब्याच्या बुडाला चिकटून राहिला. मास्तर नखाने खरवडू लागले. नाकाचे एक टोक निघाले, हनुवटीची एक साल निघाली.

"राहू दे," धाकटी म्हणाली. तिने पिशवीची घडी घातली आणि ती गेली.

मित्रांनो, मला तेव्हा हात असते तर मी माझ्याच अंगावर ओरखडे काढले असते.

आमचा कुठलाच अंक इतका खपला नव्हता. पंधरा दिवसांत थोरलीला मोठ्या सभागृहाचे बोलावणे आले. बोलावणारे म्हणाले, मुखपृष्ठावरच्या बाई पाहिजेत. व्यासपीठावर एकच माईक, पाठीमागच्या पडद्यावर तेच मुखपृष्ठ, पिवळ्या गोलासकट. थोरलीने मालकांना फोन करून खूप सुनावले. मालकांनी फोन कानापासून लांब धरला होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आले. "ती यायलाच तयार नाही! म्हणते, लोकांनी पैसे देऊन तुला बघायला यायचं, माझा पंजा बघायला नाही. मी तिची समजूत कशी घालू?" मालक म्हणाले, "बाई, तुमचं नशीब उजळलंय, गाऊन घ्या."

थोरली एकटीच गेली. आमचा समीक्षक पहिल्या रांगेत होता. दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत मजेने सांगितले, की बाईंनी पहिल्याच गाण्यात दोनदा चुकीच्या जागी सूर उचलला. वादक थांबले, पुन्हा सुरू झाले. बाई सारख्या आपल्या डाव्या खांद्याला हात लावत होत्या. "काही दुखत असेल," तो म्हणाला. तिसरे गाणे झालेच नाही.

पुढच्या अंकाचा मथळा ठरला: "बाईंचा ताल सुटला!" चोर तो चोर, वर शिरजोर. आणि ती ओळ डाव्या कडेला, माझ्या रेघेत, मास्तरांनी स्वतःच्या हाताने सरळ चिकटवली. चिकटवताना त्यांचा हात क्षणभर थांबला. मला वाटले, आता हा माणूस उठेल, मालकांच्या खोलीत जाईल, काहीतरी बोलेल. त्यांनी बोटाला थुंकी लावली, माझे ठिपके पुसले आणि मला पुढच्या फोटोवर ठेवले. त्या बहिणी पुन्हा एकत्र गायल्याचे आमच्या कचेरीत कोणी ऐकले नाही. थोरली एकटीही गायली नाही.

पुढे संगणक आले. मास्तर निवृत्त झाले, मासिक बंद पडले, आणि मी एका चित्रकलेच्या शाळेत पोहोचले. आता मी वर्गातल्या एका टेबलावर असते. दर वर्षी मुलांना संगीताच्या मासिकाचे मुखपृष्ठ करायला सांगतात. त्या वेळी शिक्षिका नमुना म्हणून एकच अंक काढतात, सर्वांत जास्त खपलेला. त्यावर त्या मला ठेवतात. नाव नावावर, डोळे ठिपक्यांवर, गोल गोलावर. "बघा, किती अचूक!" असे त्या म्हणतात, आणि मुले वह्यांत मापे उतरवून घेतात. अंक माझ्या अंगाला लागला की मला ओकारी येते. दर वर्षी येते.

तुम्हाला सगळ्या जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा, पुसा, जागेवर ठेवा. मला जपू नका. मला हवे तर फेकून द्या, माझ्यावर गोंदाचा डबा ठेवा, मला काही वाटणार नाही. मापे लागतात हे मला कळते, दुकानात अंक दिसायलाच हवा हेही कळते. पण मित्रांनो, पट्टी धरण्याआधी त्या फोटोतल्या माणसाला एवढे तरी विचारा, की हा हात इथे कशासाठी आहे. आमच्या मास्तरांना तर विचारावेही लागले नव्हते. तिने आपण होऊन सांगितले होते, त्यांनी ऐकले होते, आणि त्यांच्या हाताखाली मीही ऐकले होते.