अकरा भोकांचा मालक

सकाळी पावणेदहा वाजता ती लेकीची वेणी घालायला गॅलरीत बसली, सवयीने खाली नजर टाकली, आणि कंगवा हातात तसाच धरून ओरडली, "आई, एकच आहे! अहो आई, एकच आहे तो!"

सासूबाई आतल्या खोलीत क्रोशाचा रुमाल विणत होत्या. "एकच काय? मोजा हरवला का?"

"किडा! झाडातला किडा! अकरा नाहीत, एकच!"

"बरं," सुई न थांबवता सासूबाई म्हणाल्या, "मग त्या एकाला आत बोलव, चहा देऊ. किंचाळतेस कशाला?"

पण सून केव्हाच चपला शोधायला लागली होती, आणि साडेतीन वर्षांची लेक एका बाजूला वेणी, दुसऱ्या बाजूला झिपऱ्या अशी तिच्या पायात घोटाळत होती.

इमारतीत सगळे तिला दुर्बीण म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीतून अंगणातली घसरगुंडी, झोपाळा, फाटक असं सगळं दिसायचं आणि तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. घसरगुंडीचा ढिला बोल्ट तिनेच शोधला होता. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं असल्याचंही तिनेच सांगितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी झोपाळ्याच्या फळीवर लाकडाचा भुसा पडलेला तिला दिसला आणि तिने वर पाहिलं. झोपाळ्यावर तुतीची जाडजूड फांदी आडवी गेली होती. त्या फांदीला भोकं पडली होती, करंगळी जाईल एवढी.

माळीकाकांनी शिडी लावून भोकं सिमेंटने बुजवली. "संपला विषय," म्हणाले. आठ-दहा दिवसांत नवीन भोक. तेही बुजवलं. परत नवीन. तिने वहीत तक्ता आखला, तारखा घातल्या आणि शेवटी समितीला अर्ज दिला, "झाडाला किमान अकरा किडे लागलेले असून फांदी मुलांच्या डोक्यावर कोसळण्याचा धोका आहे." 'अकरा'खाली तिने तीन रेघा मारल्या होत्या. जिन्यातला दिवा बदलायला सहा महिने लावणारी समिती या अर्जावर मात्र पंधरा दिवसांत जागी झाली. फांदी नव्हे, सगळं झाडच तोडायचं ठरलं. आणि करवतवाला आज दहा वाजता येणार होता.

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अंगणात सावली देणारं झाड ते एकच. लेकीचे फ्रॉक जांभळे करणारंही तेच. आपल्या सहीने ते जाणार हे तिच्या मनाला टोचत होतं. निदान आपलं चुकलं नाही एवढं तरी कळावं म्हणून काल संध्याकाळी तिने फांदीखाली लेकीचे चार काळे चार्ट पेपर पसरले, वर दगड ठेवले. अकरा किडे अकरा जागी भुसा पाडतील, ते करवतवाला येण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहू, म्हणजे जिवाला शांतता.

आणि आता वरून दिसत होतं ते असं. तीन कागद स्वच्छ. फक्त खोडाजवळच्या कागदावर, अगदी एका जागी, मूठभर ओलसर तांबूस भुसा.

तिने वही उघडली. पहिलं भोक फांदीच्या टोकाकडे. दुसरं वीतभर अलीकडे. तिसरं आणखी अलीकडे. तारखांबरोबर भोकं एका ओळीत खोडाकडे सरकत आली होती. कॉलेजात शिकलेल्या बाईने तीन महिने तक्ता भरला आणि एकदाही त्यावर आडवी नजर फिरवली नाही!

"आई, तो आतून चालत येतोय. चालता चालता भुसा बाहेर टाकायला खिडक्या पाडतोय. आपण त्याने सोडलेल्या खिडक्या बुजवत बसलो. अकरा खिडक्या, पण राहणारा एकच!"

सासूबाईंनी सुई थांबवली. चष्मा वर केला. "आणि तू अर्जात अकरा लिहिलेस?"

"तीन रेघा मारून."

"चल," सासूबाई उठल्या. "माझी क्रोशाची पिशवी घे."

"पिशवी कशाला?"

"रिकामे हात मला सुचू देत नाहीत."

दार ओढता ओढता तिला आठवण झाली आणि ती परत आत पळाली. कपाटातून तिने लेकीचा जुना बाळ-मॉनिटर काढला. त्याचे दोन डबे. एक पाळण्याशी ठेवायचा, दुसरा आईने जवळ बाळगायचा, म्हणजे बाळाचा श्वासही ऐकू येतो. लेक पळायला लागली तरी तिने तो टाकून दिला नव्हता. नवरा म्हणायचा, "पोरगी लग्नाला आली तरी हिच्या उशाशी डबा असेल." आज त्याची चेष्टा बाजूला ठेवून तिने त्यात सेल घातले.

खाली फाटकातून टेम्पो आत येतच होता. त्यावर दोर, करवती आणि एक आडव्या बांध्याचा, मिशीत हसणारा माणूस. शेजारी सेक्रेटरी, हातात फाइल, चेहऱ्यावर मोहीम.

"थांबा!" ती टेम्पोच्या पुढ्यातच उभी राहिली. "झाड तोडू नका!"

सेक्रेटरींनी फाइल उघडली. "वहिनी, हा अर्ज कुणाचा?"

"माझा."

"ही सही?"

"माझीच."

"या तीन रेघा?"

"त्याही माझ्याच, पण..."

"मग झाड धोकादायक आहे की नाही, ते एकदा ठरवा. मी घसा कोरडा करून मंजुरी मिळवलीय."

"मी चुकले," ती म्हणाली. हे शब्द इतक्या सहज तोंडातून निघतील असं तिला वाटलं नव्हतं. "किडा एकच आहे. तो कुठे आहे तेही मला कळलंय. त्याला काढला तर झाड वाचेल. थोडा वेळ द्या."

करवतवाल्याने फांदीकडे पाहिलं, सिमेंटच्या ठिगळांची ओळ पाहिली, मग तिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "ताई, मला दोर बांधायला अर्धा तास लागतो. तेवढा तुमचा. मात्र शेवटची गाठ बसली की करवत चालू. दुपारी मला दुसरीकडे जायचंय."

माळीकाका शिडी घेऊन आले ते फुगलेल्या तोंडानेच. त्यांच्या सिमेंटचा अपमान झाला होता. "किडाच मारायचा ना? माझ्याकडे जहाल औषध आहे. भोकात ओततो, काम तमाम."

"अजिबात नाही! खाली झोपाळा आहे. पोरं तुती उचलून खातात, न धुता खातात!" शेवटचं वाक्य तिने लेकीकडे बघत म्हटलं. लेकीने जांभळी बोटं पाठीमागे लपवली.

"मग काय हात जोडून बाहेर बोलवायचं त्याला?"

"तारेने ओढायचं."

तिने शिडीवर चढून पाळण्याशी ठेवायचा डबा फांदीच्या टोकाकडच्या पहिल्या ठिगळावर दाबून धरला. दुसरा डबा खाली सासूबाईंच्या कानाशी.

"काय ऐकू येतंय?"

"तुझा श्वास. किती धापा टाकतेस!"

तिने श्वास रोखला. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. ती एकेक ठिगळ ओलांडत खोडाकडे सरकली. पलीकडे करवतवाल्याची पहिली गाठ बसली. दहाव्यावर शांतता. अकराव्यावर शांतता. त्याच्या अलीकडे, सालीच्या पापुद्र्याखाली, एक कोरं करकरीत बारावं भोक होतं. आदल्या संध्याकाळी ते नव्हतं. ओला भुसा त्याच्या ओठावर चिकटला होता. तिने डबा तिथे टेकवला.

खाली सासूबाईंच्या हातातल्या डब्यातून आवाज आला. कर्र... कर्र... कर्र. कुणीतरी कडक टोस्ट निवांत चावत असल्यासारखा.

"अगं बाई!" सासूबाईंनी डबा दोन्ही हातांनी धरला. "हा तर चक्क नाश्ता करतोय!"

सेक्रेटरी फाइल काखेत मारून धावत आले. "बघू, बघू... म्हणजे ऐकू." त्यांनी कान लावला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. माळीकाकाही पुढे सरकले. करवतवाला दोर हातात धरून उभा राहिला.

"ताई, गाठ सैल सोडतो," तो म्हणाला. "पण लवकर."

माळीकाकांनी सायकलच्या ब्रेकची जुनी तार आणून दिली. सून तार आत सरकवू लागली. टोक भोकाच्या आत वळलं, खोडाच्या दिशेने, वीतभर गेलं आणि कशाला तरी मऊ टेकलं. तिच्या बोटांना ते कळलं. तिने तार तशीच घट्ट धरली.

"लागला!"

"ओढ!" खालून चौघे एकदम ओरडले.

तिने ओढलं. तार रिकामी आली. डब्यात एक घसटण्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

"पळाला," सासूबाई म्हणाल्या. "आणखी आत सरकला. तुझी तार गुळगुळीत आहे, ती नुसती त्याला गुदगुल्या करते. दे इकडे."

त्यांनी पिशवीतून क्रोशाची सुई काढली, तारेच्या टोकाशी धरून बघितली, मग माळीकाकांची पक्कड मागून घेतली आणि तारेचं टोक हुबेहूब तसं वाकवलं, बारीक, मागे परतलेलं. "चाळीस वर्षं मी दोरा भोकातून ओढून काढतेय. आत जाताना सरळ धर. टेकलं की अर्धा वळसा दे. मग घाई करू नकोस. घाई केलीस की टाका सुटतो."

"शेवटचा दोर बांधायचा राहिलाय," करवतवाल्याने आठवण करून दिली. पण त्याने दोर खाली ठेवला होता.

तार आत गेली. वीत. वीत आणि चार बोटं. टेकली. तिने अर्धा वळसा दिला. टोकाला काहीतरी अडकलं, जिवंत, ओढ घेणारं. ती इंचाइंचाने तार मागे घेऊ लागली. ओला भुसा बाहेर आला, मग तांबडा चिखल, आणि मग भोकाच्या तोंडाशी एक पांढरट, गुबगुबीत, बोटाएवढी अळी. काळं चकचकीत डोकं, त्यावर कातरीसारखे जबडे.

"आला! आला! आला!"

ती शिडीवर आहे हे विसरून नाचली असती. माळीकाकांनी शिडी घट्ट धरली म्हणून बरं. सासूबाईंनी लोणच्याची रिकामी बरणी पुढे केली, ती त्यांच्या पिशवीत का होती हे कुणी विचारलं नाही. सेक्रेटरींनी टाळ्याच वाजवल्या, मग पदाची आठवण होऊन फाइल उघडली.

"पण आणखी एखादा असला तर?" ते म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. बरोबर होतं. तिने पुन्हा डबा घेतला, फांदीवर ठिकठिकाणी, खोडावर सगळीकडे लावला. शांतता. शांतता. शेवटी दोन फांद्यांच्या बेचक्यात डबा ठेवला आणि सासूबाईंच्या डब्यातून स्पष्ट आवाज आला, कर्र... कर्र... कर्र.

करवतवाल्याने सावकाश खाली वाकून दोर उचलला.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "हा दुसरा."

सासूबाई डब्याकडे बघत होत्या. मग त्यांनी झाडाच्या पलीकडे मान वाकडी केली. बेचक्याच्या मागे, झोपाळ्याच्या खांबावर चढून, फांदीला गाल टेकवून लेक बसली होती. तिच्या तोंडात सासूबाईंच्याच पिशवीतलं बिस्किट होतं.

"मिळाला गं," सासूबाई म्हणाल्या. "याला तार नको, कान धरून काढ."

हसणं इतकं मोठं झालं की दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. तिने लेकीला उचललं, एकाच वेळी रागावली आणि पापेही घेतले. खांबावर चढलेली आपल्याला दिसली कशी नाही, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. नजर एकीकडे लागली की दुसरीकडे आंधळी होते. पोर घट्ट धरून तिने बेचक्यावर पुन्हा एकदा डबा लावला. या वेळी खरोखरच काही नव्हतं.

करवतवाला शिडी चढला. करवतीच्या मुठीने त्याने फांदी टोकापासून ठोकत आणली. ढब, ढब, पोकळ. शेवटच्या भोकापासून हातभर अलीकडे आवाज बदलला. टण्.

"इथपासून खोडापर्यंत लाकूड धडधाकट आहे," तो म्हणाला. "फांदी इथे कापतो. झोपाळ्यावर काही राहणार नाही. बाकी झाडाला हात लावत नाही. साहेब, चालेल?"

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "वहिनी, नवा अर्ज लागेल. आकडा बरोबर लिहा."

करवत पाचच मिनिटं चालली. फांदी दोरावरून हळूच खाली आली, मुलांच्या डोक्यावर नाही, गवतावर. मग करवतवाल्याने भोकांपाशी तिचे दोन तुकडे केले आणि आतला आडवा छेद सगळ्यांनी पाहिला. मधोमध गोल नितळ बोगदा, भोवती भक्कम पिवळं लाकूड. माळीकाकांनी त्यात बोट घालून पाहिलं. "म्हणजे मी मालक आत असताना त्याच्या खिडक्या लावत होतो," ते स्वतःशीच म्हणाले.

लेक बरणीपाशी उकिडवी बसली होती. "आई, याची आई कुठे आहे?"

करवतवाला दोर गुंडाळत म्हणाला, "त्याची आई म्हणजे लांब मिशांचा भुंगा. ती साल कुरतडून एक अंडं ठेवते, वरून झाकते आणि जाते. पुढच्या उन्हाळ्यात येतील पुन्हा अशा. ओरखडा दिसला की तिथेच खरवडायचं, मग करवत लागत नाही. पण तेवढं लक्ष कोण ठेवणार?"

सेक्रेटरींनी माळीकाकांकडे पाहिलं. माळीकाकांनी सासूबाईंकडे. सासूबाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे.

"आमच्याकडे दुर्बीण आहे," त्या म्हणाल्या.

ती हसली. तोंडावर कुणी म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. तिने चारही काळे कागद झटकले, पुन्हा झाडाखाली पसरले, वर दगड ठेवले. मग राहिलेली वेणी घालायला तिने लेकीला दोन गुडघ्यांत धरलं, खोडाच्या सालीवरची नजर न काढता.